पाठीत बसलेला चेंडू

२१ डिसेंबर

आज पुन्हा टोपली हातातून काढून घेतली! झेंडूची, तीही अर्धी रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "ठेव वर्षाली ते खाली. जपाले सांगतलं ना डाक्टरनं." हृदयाला जन्मापासून भोक होतं म्हणे. चाळिशीत कळलं, ऑगस्टमध्ये बुजवलं. तेव्हापासून मी म्हणजे चुलीवरचं दूध — कोणीतरी सतत समोर उभं! आंघोळीला गेले तरी नितेश दाराबाहेर घुटमळतो. (तोंडावर "अहो", वहीत नाव. इथे कोण ऐकतंय!)

तेही सोसलं असतं. पण आज जेवताना ठरलंसुद्धा — राजापेठेतलं आपलं फुलांचं दुकान संक्रांतीपासून दुसऱ्या कोणाला चालवायला द्यायचं. मला विचारलंही नाही. शेतात फुलं हे लोक पिकवतात, कबूल. पण दुकान मी उभं केलंय. लग्नाचे हार, नव्या गाडीचे हार, गजरे — गिऱ्हाईक माझं नाव विचारत येतं. ते गेलं तर मी दिवसभर करायचं काय? गोळ्या घ्यायच्या आणि भिंतीकडे बघत बसायचं?

थोडी रडले. मग भाजी फोडणीला टाकली. तेवढं करू देतात.

२३ डिसेंबर

धाकट्या नणंदेचा, प्रणालीचा फोन. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी अकोल्याला तिच्या शेतावर हुरड्याला यायचं. नितेश म्हणाला, "तिथं धूर रायते." मी म्हटलं, मी येणार. बस्स!

२६ डिसेंबर

कालचं लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

हुरडा, गूळ, झणझणीत चटणी, रोडगे, वांग्याची भाजी — खाऊन सगळे आडवे व्हायच्या बेतात. तेवढ्यात प्रणालीनं पदर खोचला. शाळेत मुख्याध्यापिका आहे, पोरं चळाचळा कापतात तिला! "चला, लगोरी!" म्हणाली. लेकरं मोबाइलमध्ये, आणि आम्ही घोडे मैदानात. सागर, माझा दीर, आधी नाही-नाही म्हणाला. पण ठिकऱ्या गोळा करायला पहिला तोच पळाला, पोट सांभाळत.

गडी वाटताना तोच म्हणाला, "वयनी कच्चा लिंबू!" म्हणजे मी खेळायचं, पण मला कोणी मारायचं नाही, आणि मी आऊटही होणार नाही. लहान पोरांना करतात तसं. सगळ्यांनी माना डोलावल्या, नितेशनं सगळ्यांत जोरात. असा राग आला! घरी तेच, आता इथेही तेच?

मग डोकं चालवलं. मला कोणी मारणार नाही ना? बरं! लगोरी फुटली, आमचे गडी चेंडू चुकवत ज्वारीकडे पळाले, आणि मी मांडी घालून आरामात ठिकऱ्या रचायला बसले. कोणी चेंडू उगारला की मला बघून हात तसाच वर राहायचा. शेवटची ठिकरी ठेवली आणि बोंबलले — "लगोरी!"

मग काय भांडण झालं, बाप रे!

"नाई चालत," प्रणाली म्हणाली. "कच्च्या लिंबानं लावली तं कायले मोजाची?"

"काऊन नाई? लावली ना वयनीनं!" सागर.

"मंग वयनीले मारू द्या मले. मोजाचं तं पुरं मोजा!"

"तिले नोको मारू," नितेश मधे पडला.

मी उठले, साडी झटकली. "मार वं प्रणाली. आजपासून मले पक्कं घ्या."

पुढच्या डावात धावले. खरंच धावले! थोडीशीच, आणि धप्प! पाठीत. रबरी चेंडू, त्यात मुख्याध्यापिकेचा हात. नितेशचा चेहरा पांढराफटक. सासूबाई उठून उभ्या राहिल्या — "मारली काऊन वं तिले?" प्रणाली म्हणते, "तिनंच मांगतलं!" आणि मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात एकच — "आऊट झाली मी! आऊट झाली!"

पाठ अजून चुरचुरते आहे. पण किती हलकं वाटतंय! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला धडधाकट समजून मारलं. छाती धडधडली, हो. पण ती धावल्याची धडधड होती. आजाराची मला चांगली ठाऊक आहे, ही ती नव्हे.

२८ डिसेंबर

सासूबाई ऐकत नाहीत. चेंडू लागला म्हणून डॉक्टरला दाखवायचंच. गंमत म्हणजे नितेशच नको म्हणतो! मी शिंकले तरी दवाखान्यात नेणारा माणूस आज म्हणतो, "काई गरज नाई, बरी हाय ते." म्हटलं चला, सुधारला! पण सासूबाईंपुढे कोणाचं चालतं? उद्या आम्ही दोघी ऑटोनं जाणार.

२९ डिसेंबर

डॉक्टर ऐकून हसले. "धावलात? छान! मी तर दिवाळीच्या आधीच तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं — आता काही बंधन नाही, दुकान सुरू करू द्या." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

चांगली भांडायच्या तयारीनं घरी आले. नितेश मान वर करेना. "मले भेव वाटे वं. तू दुकानात एकटी, अन् मी तिकडं वावरात..." एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला. ऑपरेशनच्या दिवशीही रडला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "दुकान कोनाले द्याचं नाई. उद्या उघड."

उघडते. पण काही दिवस नितेशलाही सोबत नेते, सुईदोरा देऊन शेजारी बसवते. त्याला एकट्याला सोडायचं आता मला भेव वाटतं.