खिळ्यावरचं बूच

३ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. ते तू घेणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहिते. आई मागे उभी राहून वाचतेय आणि आशीर्वादाशिवाय सुरुवात केली तर माझीच शाळा घेईल. तिचा गुडघा बरा आहे. जिना चढते धडाक्यात, उतरताना मात्र मला हाका मारते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

इथे शर्यतीची तयारी सुरू झाली आहे. अठ्ठावीस तारीख ठरली. यंदा तेल शोषणाऱ्या चटया वाढवल्या, प्रत्येक मोटारसायकलखाली एक. चटई नसेल त्याला पेट्रोल भरू द्यायचं नाही, असा नियमच आपल्या क्लबकडून लावून घेतला. दोन वर्षांपूर्वी हीच मंडळी मला 'चटईवाली' म्हणून हसायची, आता स्वतःहून मागायला येतात. आवाजाची मर्यादाही आणखी खाली आणली. आणि सहाव्या वळणावर टिटवीनं उघड्या मातीत चार अंडी घातलीत, म्हणून ते वळण वीस पावलं बाहेर सरकवून मध्ये फीत बांधली. त्यावर एक रायडर म्हणाला, "ताई, टिटवीला हेल्मेट देऊ का?" मी म्हटलं, "दे, तुझंच दे. तुझ्या डोक्यात सांभाळण्यासारखं काही नाही." सगळे हसले, तोही हसला. फीत ओलांडायची हिंमत मात्र अजून कुणी केलेली नाही.

गाड्या धुण्याच्या शेडकडे मी फारशी फिरकत नाही. तू खणलेले तिन्ही खड्डे शाबूत आहेत. परवा दुसऱ्या क्लबची माणसं ते बघायला आली होती. पहिल्यात चिखल बसतो, दुसऱ्यात तेल अडतं, तिसऱ्यातलं पाणी टँकर उचलून नेतो, हे सगळं मीच समजावून सांगितलं. कुणी बांधलं म्हणून विचारलं, तर आपले मिशीवाले अध्यक्ष म्हणाले, "क्लबनं." मी पाहुण्यांना पुढे टिटवीची फीत दाखवायला नेलं.

आता कामाचं. गेल्या वर्षी धुण्याचं पाणी ओढ्यात गेलं आणि खालच्या अंगाला रोपवाटिकेच्या काकूंच्या तळ्यातले मासे मेले, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. काकूंची संमती असल्याशिवाय यंदा शर्यतीला परवानगी नाही. त्या म्हणतात, चूक कुणाची ते लेखी मान्य करा, मग बघू. पंधरा तारखेला अकरा वाजता क्लबची बैठक आहे. तू माफी लिहून दिलीस तर तुझ्यावरची बंदी उठेल. नाही दिलीस तर ती कायमची होईल आणि बाहेरच्या फळ्यावर तुझं नाव लागेल. अध्यक्षांनी तसं स्पष्ट सांगितलंय.

मसुदा मीच केलाय, सोबत आहे. तीनच ओळी. 'पहिल्या खड्ड्याचं बूच न लावता मी पंप सुरू केला. बूच माझ्याकडून हरवलं. मला खेद आहे.' खाली सही कर आणि पाठवून दे. वर्ष झालं, बारक्या. किती ताणायचं? चुका होतात माणसाच्या हातून.

आई म्हणते, पत्रात त्याला घरी ये म्हणून लिही. लिहिलं.

तुझ्या भल्याचंच सांगणारी,
ताई

*

८ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आईला सांग, गुडघ्याला शेक देत जा आणि धुणं घेऊन जिना चढू नकोस. मी ठीक आहे. इथे कारखान्यात दिवसभर पंप जोडतो. पंपांची माझ्याबद्दल काही तक्रार नाही.

मसुदा परत पाठवतोय. सही केलेली नाही.

तू विसरली असशील म्हणून लिहितो. पहिला खड्डा उघडा आहे, त्यात पावसाचं पाणी साचतं. ते ओढ्यात काढून द्यायला तळाशी तोंड ठेवलंय आणि त्याला लाल रबरी बूच आहे. गढूळ पाण्याखाली ते लागलंय की नाही, हे वरून दिसत नाही. म्हणून आपण दोघांनी नियम केला. जो बूच काढेल त्यानं ते शेडच्या खांबावरच्या खिळ्याला टांगायचं. बूच खिळ्यावर दिसलं तर पंपाला हात लावायचा नाही. खिळा रिकामा असला तर बूच आपल्या जागी आहे. खिळा तू ठोकलास. तुझ्या अंगठ्यावर हातोडी बसली म्हणून मी हसलो होतो.

त्या दिवशी मी आठला आलो. रात्री पाऊस होऊन गेला होता, तरी पहिला खड्डा रिकामा होता. खिळाही रिकामा होता. मी पंप लावला. दुपारपर्यंत चौसष्ट गाड्या धुतल्या. पुढच्या खड्ड्यात पाणी कमी येतंय हे गर्दीत माझ्या लक्षात आलं नाही. ती चूक माझी, तेवढी माफी मी केव्हाही लिहून देईन. बाकीची नाही.

पाऊस पडूनही खड्डा रिकामा कसा, हे मी चौकशीत बोललो नाही. माझ्याआधी मैदानावर कोण आलं होतं, तेही नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं.

मला कुणीच न विचारलेली एक गोष्ट तुला विचारतो. बूच कुठे आहे?

बारक्या

*

१५ मार्च, सकाळ
धुण्याची शेड

बारक्या,

आज आशीर्वाद नंतर. आधी उत्तर.

बूच माझ्याकडे आहे.

गेलं वर्षभर ते माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, आवाज मोजायच्या मीटरच्या डब्याखाली होतं. मीटर काढताना दरवेळी हाताला लागायचं. मी डबा पुन्हा त्यावर ठेवायचे.

त्या दिवशी सातला मी मैदानावर आले. खड्डा काठोकाठ भरलेला. बाही वर करून बूच काढलं, पाणी जायला लागलं. तेवढ्यात तपासणीच्या टेबलाकडून हाका सुरू झाल्या. एका रायडरची गाडी आवाजात नापास झाली होती आणि तो मीटरवाल्याच्या अंगावर धावून गेला होता. पाच मिनिटांत परत येते म्हणून बूच रेनकोटच्या खिशात टाकलं. खिळा दोन हातांवर होता, बारक्या. हात लांब केला असता तरी पुरे होतं. तिथे भांडण तासभर चाललं. मग कुणी तरी त्या वर्षीच्या टिटवीच्या फितीवरून गाडी घातली, तिकडे धावले. आठ वाजून गेले, तुझा पंप सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला, आणि मनात म्हटलंसुद्धा, चला, बारक्या आला, आता तिकडची काळजी नाही.

एक वाजता काकू बादली घेऊन आल्या. बादलीत मासे. त्यांच्या अंगावर तेलाचे रंग चमकत होते.

बूच तिसऱ्या दिवशी, रेनकोट वाळत घालताना सापडलं, असं मी इथे लिहिणार होते. कच्च्या कागदावर तसं लिहिलंही. ते खोटं आहे. संध्याकाळी चौकशीत तुला मध्ये उभं केलं, बूच कुठे टाकलंस म्हणून अध्यक्ष तुझ्यावर ओरडत होते, तेव्हा मी तुझ्या डाव्या हाताला उभी होते आणि माझा हात खिशात होता. बुचावर होता. मला त्यांनी विचारलं, "सकाळी पाणी कुणी काढून दिलं?" मी म्हणाले, "ते काम धुण्याच्या विभागाकडे आहे." त्यात एक शब्द खोटा नव्हता. तू माझ्याकडे बघितलंस. मग मान खाली घातलीस. मला वाटलं, तू शरमलास. शरमलास ते माझ्या वागण्यानं, हे तेव्हाही कळलं होतं, पण मी कळू दिलं नाही स्वतःला.

का गप्प बसले? कारण घोटून घोटून तयार ठेवलं होतं. चटया, फिती, आवाजाची मर्यादा, सगळं नुकतं कुठे रुळत होतं. ओढा वाचवायला निघालेल्या बाईनंच ओढ्यात तेल घातलं म्हटल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी चटया गुंडाळून फेकल्या असत्या. ओढ्यासाठी, टिटवीसाठी गप्प बसले, असं मी मला सांगत आले. असेलही त्यात थोडं खरं. पण त्याच्या खाली भीती होती. लोक हसतील, ताई म्हणून कुणी विचारणार नाही, याची साधी भीती. तुझ्यावर खापर फुटलं आणि माझी सुटका झाली, आणि मला बरं वाटलं.

आणि वर तुला माफीचा मसुदा धाडला! माझ्याच अक्षरात! तू तो फाडला नाहीस, घडी घालून परत पाठवलास. शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं.

काल सकाळी बूच घेऊन रोपवाटिकेत गेले. काकू रोपांना पाणी घालत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुझा भाऊ दोन महिने दर रविवारी यायचा माझ्याकडे. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तळ्यातला गाळ काढायचा. मी म्हटलं, चूक तुझी होती का रे? तर म्हणाला, पाणी आमचंच होतं."

हे तू आईलासुद्धा सांगितलं नाहीस. दोन महिने आम्हाला वाटत होतं, रविवारी तू मित्रांकडे जातोस. ओले कपडे बघून मी तुला एकदा टोमणाही मारला होता.

मग त्यांनी बूच हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "तुमचा नियम चांगलाय गं, पण अर्धा आहे. खिळा रिकामा, तर बूच लागलेलं? मधे माणसाचा खिसा असतो की!" आपण दोघं इतके शहाणे, आणि हे आपल्या डोक्यात आलं नव्हतं. बुचाला साखळी हवी, खड्ड्याच्या काठालाच जोडलेली, म्हणजे ते कुणाच्या खिशापर्यंत पोचणारच नाही. ती कशी बसवायची ते मला सुचत नाही. तुला सुचेल.

संमतीचं विचारलं, तर म्हणाल्या, "सही करीन. पण धुण्याच्या जागेवर तो असेल तरच. तुझ्या भरवशावर नाही." मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

म्हणजे आता अठ्ठावीसची शर्यत तू येण्यावर अडली आहे, आणि ये म्हणायचा हक्क मला नाही. आईनं सांगितलं म्हणून मागच्या वेळी लिहिलं होतं. आज मी लिहीत नाही. तू नाही आलास तर शर्यत होणार नाही, आणि ती का झाली नाही हे विचारायला लोक माझ्याकडे येतील. येऊ देत.

बैठकीसाठी नवा कागद केलाय. त्यावर पाणी कुणी काढून दिलं, बूच कुठे होतं आणि चौकशीत कोण गप्प बसलं, एवढंच आहे. सही माझी आहे. तो वाचून दाखवल्यावर चटयांचं आणि फितीचं काय करतील ठाऊक नाही. क्लबमधलं पर्यावरणाचं पद तर जाईलच. टिटवीची अंडी मात्र अजून फुटायची आहेत. मला काढलं तरी पिल्लं उडेपर्यंत त्या फितीशी मी रोज येऊन उभी राहणार आहे, क्लबची कुणी म्हणून नाही, नुसती उभी.

आई सगळं जाणते आता. रात्री जेवताना सांगितलं. सकाळी जिना उतरताना तिनं मला हाक मारली नाही, कठड्याला धरून एकटीच उतरली.

पावणेअकरा झाले. अध्यक्षांची गाडी फाटकातून आत आली आहे, मागून दोन-तीन जण चालत येतायत. तिथूनच त्यांना खांब दिसेल, आणि खांबावर लाल बूच. ते मी खिळ्याला टांगून ठेवलंय. गेल्या वर्षी त्या सकाळी सातला जिथे असायला हवं होतं, तिथे. आता ते मी काढणार नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. पंपाला कुणी हात लावायचा नाही. तू येशील तेव्हा तूच ते काढ, आणि आपल्या हातानं बसव. तू कधीच आला नाहीस, तर ते तिथेच राहील.

आशीर्वाद द्यायचे राहिले. आज ते मोठ्या बहिणीचे म्हणून नको घेऊस. घ्यावेसे वाटले तरच घे.

त्या दिवशी तुझ्या डाव्या हाताला उभी असलेली,
ताई