पूर्ण वाचलं, हरकत नाही

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

चहा घेता घेता मेल उघडली तर दर्शनाने सात पॅच पाठवलेत. माझ्या ड्रायव्हरमध्ये सात बदल! तेही ईमेलच्या जाहीर लिस्टवर, सगळ्या जगासमोर. आधी साधा एक फोन नाही. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा, इथपासून जिला मी शिकवलं, जी घोडपदेवहून डबा आणायची आणि त्यातली दोन भरली वांगी माझ्यासाठी काढून ठेवायची, ती ही मुलगी. गेल्या वर्षी आमची कंपनी सोडून गेली, पेढे देऊन गेली. तेव्हाही मी काही बोललो नाही. आता हे.

ड्रायव्हर माझा म्हणजे माझाच. प्रोसेसर काय काय करत गेला त्याची पावलापावलाची नोंद चिप स्वतःच ठेवते. ती उचलून बाहेर आणायचं काम हा ड्रायव्हर करतो. ललिता म्हणते, म्हणजे सीसीटीव्ही. बायकोला समजावणं मी सोडून दिलंय. कोणता भाग कोण सांभाळतो याची जी मेंटेनर फाइल असते, तिच्यात या ड्रायव्हरसमोर अकरा वर्षं एकच नाव आहे, हितेंद्र घाडीगावकर. कोणीही त्याला हात लावला की ती फाइल बघून मेल आपोआप माझ्याकडे येते. माझ्या होकाराशिवाय पान हलत नाही.

संकल्प: सातही पॅच ओळ न् ओळ वाचणार. रोज एक. पहाटे सहाला उठून. आठवड्यात विषय संपला.

४ डिसेंबर

सहाला उठलो. बाहेर अंधार. डोळ्यांना बरा नाही. झोपलो.

रात्री वाचणार होतो, पण उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून ललिताने आजच बोंबील तळले. असं जेवण झाल्यावर दुसऱ्याचा कोड वाचणं त्या कोडवर अन्याय आहे.

७ डिसेंबर, शनिवार

पॅच एक वाचला! कॉमेंटमधल्या एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलंय. बरोबर आहे, पण बरोबर आहे म्हणून सोडून देणारा मी नव्हे. पाच हरकती काढल्या. एका ठिकाणी रिकामी ओळ जास्त, एका ठिकाणी कमी. माझ्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, मी सांगतोच.

८ डिसेंबर, रविवार

आज तिसरा वाचणार होतो. तोच खरा. दोघांनी एकाच वेळी ट्रेसिंग, म्हणजे ती नोंद, चालू केलं आणि एकाने बंद केलं, तर दुसऱ्याचंही बंद पडतं, असं बाईसाहेबांचं म्हणणं. हो, पडतं. त्यात काय? आमच्या वाडीत पाण्याची एकच मोटर होती तेव्हा तळमजल्याने बंद केली की तिसरा मजला कोरडा. कोणी त्यावर निबंध लिहिला नाही. भांडले आणि गप्प बसले.

पण वाचन झालं नाही. कारण अण्णा. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या वडिलांना एकच काम आहे, माझं नाव सांगत फिरणं. मेंटेनर फाइलीतलं ते पान त्यांनी छापून, लॅमिनेट करून दाराजवळ लावलंय. दूधवाल्यालाही दाखवून झालंय. जगात एक फोन असा नाही ज्यात माझ्या हितूचं नाव नाही, असं सांगतात. हे तंतोतंत खरं नाही. पण ऐंशीच्या माणसाला किती दुरुस्त करायचं?

तर आज मंडळाच्या मीटिंगला मला ओढून नेलं. सव्वीस जानेवारीला वाडीचा सार्वजनिक सत्यनारायण असतो, त्यात माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मी नको नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण मान्य करतील अशी भीती वाटली.

११ डिसेंबर

दर्शनाने माझ्या पाचही हरकती मान्य करून नवी आवृत्ती पाठवली. वर आभार. एका शब्दाने वाद घातला नाही! इतका वेळ घालवून मी हरकती काढल्या आणि ही एका दुपारीत सगळं मान्य करून मोकळी. माणसाने थोडं तरी भांडावं. हाही एक प्रकारचा विश्वासघातच.

आणखी चार हरकती पाठवल्या. पहिल्याच पॅचवर.

१५ डिसेंबर, रविवार

दर्शना घरी आली होती. आईने केलेली नारळाची वडी घेऊन. अण्णांनी तिलाही दाराजवळचं पान दाखवलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. कौतुकानेच असणार.

जाताना ललितासमोर मला म्हणाली, सर, सातवा पॅच तेवढा तुम्ही स्वतः वाचा. तुम्हाला पटला तरच ठेवते, नाहीतर लगेच काढून टाकते. आणि सर, हल्ली तुम्हाला वेळ मिळतो का या सगळ्याला? मी म्हटलं, वेळच वेळ आहे. वडी छान होती.

ती गेल्यावर सातव्याचं शीर्षक बघितलं. मेंटेनर फाइल अद्ययावत करणे. हात्तिच्या! माझा ईमेल पत्ता गेल्या वर्षी बदलला, तो तिथे जुनाच आहे; त्यावरची मेल नव्यावर वळवून घेतो एवढंच. मला करायचं होतं, राहून गेलं. पोरीने तेवढं केलं म्हणायचं. चांगली मुलगी आहे, मीच घडवलेली. शीर्षकावरून आशय कळणं, याला अनुभव म्हणतात.

२३ डिसेंबर

हेल्मुटची मेल. आमच्यासारख्या सगळ्या ट्रेसिंग ड्रायव्हरांच्या वरचा मेंटेनर. जर्मनीत असतो. भेट नाही, पण मनं जुळलेली. मेलमध्ये एकच शब्द: हितेंद्र? मागच्या महिन्यात आणि त्याच्या आधीही अशाच आल्या होत्या. आमच्यात जास्त बोलावं लागत नाही.

१ जानेवारी २०२५

नवं वर्ष, नवा माणूस. संकल्प: (१) पहाटे उठणे. (२) पॅच तीन ते सात. (३) तळलेलं बंद.

संध्याकाळी: तिसरं मोडलं. उरलेली दोन अबाधित, कारण अजून सुरू केलेली नाहीत.

१० जानेवारी, शुक्रवार

हेल्मुटने चक्क दोन वाक्यं लिहिली. सोमवारपर्यंत हितेंद्रचं उत्तर हवं, नाहीतर हा गठ्ठा पुढच्या वेळेवर जाईल आणि लोकांना तिसऱ्या पॅचची गरज आहे. लोक म्हणजे कोण? मला तर कोणी काही बोललं नाही. अर्थात तशा शेपन्नास मेल न उघडलेल्या दिसतात, पण त्यात विशेष काही नसणार.

इकडे अण्णांनी मंडळात सांगून टाकलंय की सत्काराच्या आधी हितूचं नवीन काम जगात जाणार. कुठून काढतात कोण जाणे. बहुतेक मीच जेवताना बोललो.

१२ जानेवारी, रविवार

मी मनाने मोठा माणूस आहे. हे आज माझं मलाच नव्याने जाणवलं.

पहिला, दुसरा आणि तिसरा अर्धा वाचून झाला होता. उरलेल्यांवर वरवर नजर टाकली. इतक्या वर्षांनी कोडच्या आकारावरूनच कळतं, आईला पोराच्या चेहऱ्यावरून ताप कळतो तसं. मग लिस्टवर लिहून टाकलं: सातही पॅच पूर्ण वाचले, हरकत नाही. खाली तपासणाऱ्याची सही, रिव्ह्यूड-बाय, हितेंद्र घाडीगावकर. कसं भारदस्त दिसतं!

अण्णांना सांगितलं. त्यांनी देवासमोर साखर ठेवली.

१४ जानेवारी, संक्रांत

दर्शनाचा मेसेज. तिळगुळाच्या चित्राखाली लांबलचक. सर, तुम्ही इतक्या सहज हो म्हणाल असं वाटलं नव्हतं, तुमची मेल वाचून रडू आलं, आईलाही वाचून दाखवली, अशी माणसं आता राहिली नाहीत. असं बरंच काही.

एवढ्याशा रिव्ह्यूने माणसं रडतात? माझ्या शब्दाचं वजन मलाच ठाऊक नव्हतं. ललिताला मेसेज वाचून दाखवला. ती बँकेत आहे, सगळ्यात खोट काढायची सवय. विचारते, सातव्यात होतं काय एवढं? मी म्हटलं, किरकोळ गं, पत्ताबदल. म्हणाली, पत्ता बदलला म्हणून कोण रडतं? काही बायकांना कौतुक सहनच होत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

हेल्मुटने सगळा गठ्ठा कर्नलमध्ये घेतला. माझ्या नावानिशी. झालं!

१९ जानेवारी, रविवार

स्वप्नीलने व्हॉट्सॲपवर मानपत्राचा मजकूर पाठवला. हा आमच्या मंडळाचा चिटणीस, विम्याच्या ऑफिसात आहे. हितूदादा, नेटवरून सगळी ताजी माहिती काढून लिहिलंय, एकदा नजर घाला, उद्या छापायला देतोय, असं म्हणाला. स्वतःची स्तुती स्वतःच तपासायची म्हणजे फारच. पहिली ओळ चांगली होती. कळवलं: पूर्ण वाचलं, हरकत नाही.

२१ जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली. गेले काही दिवस ड्रायव्हरबद्दल एकही मेल नाही. आधी रोज ढीग पडायचा. कसं शांत, स्वच्छ वाटतंय. एकदा धाक बसला की लोक उगाच त्रास देत नाहीत, हेच खरं. संकल्प: आता असाच दरारा ठेवायचा.

२४ जानेवारी, शुक्रवार

अण्णा म्हणाले, दाराजवळचं पान पिवळं पडलंय, सत्काराला लोक घरी येतील, ताजं छापून आण. फाइल उघडली.

माझं नाव नाही.

पुन्हा उघडली. ड्रायव्हर तोच, मेंटेनर दर्शना. मी कुठे? शोधत गेलो तर दुसऱ्याच एका फाइलीत सापडलो, जिथे पूर्वी काम केलेल्यांची नावं जपून ठेवतात. त्या फाइलीत निम्मे लोक वारलेले आहेत.

कापलं मला. घरात येऊन, आईची वडी देऊन, गोड बोलून! हेल्मुटही सामील! अकरा वर्षं यांची धुणी धुतली आणि ही परतफेड? संतापून मेल लिहायला घेतली. कोणाला विचारून हे केलं, मला एका शब्दाने सांगितलं का, पुरावा दाखवा. पुरावा जोडायचा म्हणून तो सातवा पॅच उघडला. हितेंद्र सरांना वेळ मिळत नाही, त्यांच्या संमतीने ही जबाबदारी मी घेते, अकरा वर्षांबद्दल त्यांचे आभार. आणि त्याच्या बरोब्बर खाली, रिव्ह्यूड-बाय, हितेंद्र घाडीगावकर.

सीसीटीव्हीत चोर सापडला तो मीच.

मेल पाठवली नाही. दर्शनाला फोन केला, निदान तोंडावर तरी बोलावं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, सर, अजून विश्वास बसत नाही, आपणहून खुर्ची सोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. म्हटलं, अगं, खुर्चीला चिकटून बसणाऱ्यातला मी नव्हेच. तिला पुन्हा रडू आलं. मलाही येत होतं, वेगळ्या कारणाने.

२५ जानेवारी

शांतपणे विचार केला. अण्णांना उद्यापर्यंत कळता कामा नये. सत्कार त्यांचाच आहे खरं तर, मी फक्त शाल अडकवायची खुंटी. वाडीत ती फाइल कोण उघडतंय? मानपत्र तर मी स्वतः तपासलेलं आहे. परवा सावकाश सांगेन, समजावून. पिवळं पान तसंच राहू दे म्हटलं, जुन्याची शान वेगळी. पटलं त्यांना.

योजना चोख आहे.

२६ जानेवारी, रविवार, रात्री

पूजा झाली, शिरा वाटून झाला. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. शेजारी दर्शना, ललिताने बोलावलेली. स्वप्नीलने माइकवरून मानपत्र वाचलं. पहिली ओळ चांगली. दुसरी अशी, की जगभरातल्या संगणकांच्या गाभ्यातली एक जबाबदारी अकरा वर्षे सांभाळून, नुकतीच ती आपल्या शिष्येकडे सोपवून निवृत्त झालेले आमचे हितूदादा.

टाळ्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शाल नीट करत बसलो.

खाली उतरल्यावर स्वप्नीलला बाजूला घेऊन झापलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, दादा, तुम्हाला पाठवलं होतं ना, पूर्ण वाचलं म्हणालात. अण्णा मागेच उभे होते.

घरी येऊन अण्णा खुर्चीत बसले. एवढंच म्हणाले, माका सांगूक काय झालेला? रे, सगळ्या वाडीला समजलं आणि बापाला माइकवरून. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मग मात्र राहवलं नाही, खरं सांगून टाकलं. मी सोडलं नाही अण्णा, मला माहीतच नव्हतं. न वाचता सही केली. त्यावरही आणि मानपत्रावरही.

वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. आधी ते नुसते दुखावले होते, आता त्यांना माझी लाज वाटली. जेवले नाहीत. ललिताने ताट झाकून ठेवलं.

२७ जानेवारी, सोमवार

उठलो तर दाराजवळची जागा रिकामी. पिवळं पान अण्णांनी काढून आपल्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं, असं ललिता म्हणाली. फेकलं नाही.

नऊच्या सुमाराला स्वप्नील आला. अण्णांनीच सांगितलं होतं, नवीन पान छापून आण म्हणून. त्यावर दर्शनाचं नाव. अण्णा म्हणाले, भिंत रिकामी कशाला, पोरगी घोडपदेवची आहे, आपल्यातलीच, आणि शिकली याच्या हाताखाली. तेवढ्यात दूधवाला आला, त्याला दाखवूनही झालं. आवाज कालच्यापेक्षा बरा होता.

लॅमिनेट करायच्या आधी नाव, स्पेलिंग कोणीतरी तपासायला हवं होतं. मी हात पुढे केला. म्हटलं, अण्णा, आणा, मी बघतो. अण्णांनी कागद ललिताच्या हातात दिला. मला म्हणाले, तू राहू दे, रवान दे.