हजेरीबाहेरचा आकडा

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आत्याबाई आज पुन्हा मागच्या खोलीत! भर दुपारी फरशीवर आडव्या, कान जमिनीला लावलेला आणि उजव्या हाताचं बोट फरशीवर हळूहळू आपटतंय. मी हाक मारली तर दुसरं बोट ओठांवर ठेवलं. गप म्हणून. मग म्हणाल्या, "आयक की पोरी. चालून राहिलं."

मीही कान लावला. सासूचं मन राखायला. गार फरशी, पोत्यांतल्या हळदीचा वास, बाकी काही नाही.

आमच्याकडं जमीन मधूनच गुरगुरते, त्याचं आता कुणाला नवल नाही. भांडी वाजतात, लोक अंगणात येऊन उभे राहतात, पुन्हा आत जातात. पण ते सगळ्यांना ऐकू येतं. हे एकट्या आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सुमनबाईंना. मामंजी, उत्तमराव, याच खोलीत गेले, छातीत कळ येऊन. त्याला आता वर्ष होईल. त्या आवाजाला आत्याबाई नाव देत नाहीत, पण कुणाचा म्हणून ऐकतात ते कळतं.

जेवताना सोमेश्वर म्हणाला, "शुक्रवारी आईला नांदेडला नेतो. डॉक्टरकडं नंबर लावलाय. गोळ्या परत सुरू कराव्या लागतील."

मागच्या गोळ्यांनी काय झालं होतं ते मी बघितलंय. दिवसभर भिंतीकडं तोंड. मला विचारलं होतं, "तू कोणाची गं?" गोळ्या बंद केल्या तेव्हा कुठं माणसात आल्या. मी भांडले. तर म्हणे, "तुला काय, तुजी आई न्हाई ती."

फार लागलं. ताट तसंच ठेवून उठले.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजात नवं लचांड. देशमुख सर ट्रेनिंगला गेलेत, त्यांचा धडा माझ्या गळ्यात — "मॅडम, गुरुवारी तुम्हीच घ्या." तासाप्रमाणे पगार घेणाऱ्या बाईला नाही म्हणायची सोय नाही! धडा कोणता, तर डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्म. मी परीक्षेपुरता घोकला होता आणि पेपर दिल्यावर विसरले होते.

वसमत ते कुरुंदा, एसटीत उभ्यानं वाचलं. काही कळलं नाही. मागच्या बाईची पिशवी पाठीला टोचत होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कळलं! कळलं!! इथं लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा जाईल.

कुठलीही हालचाल आपल्याला सलग मिळत नाही. ठरावीक वेळानं मापं घेतली की मिळते ती नुसत्या आकड्यांची रांग. आता या रांगेत कोणकोणती कंपनं मिसळलीत ते कसं ओळखायचं? हजेरी घ्यायची. एकेका कंपनाला हाक मारायची — सेकंदाला एक वेळा हलणारा, आहेस का? दोन वेळा हलणारा? तीन?

हाक मारायची म्हणजे त्या कंपनाची शुद्ध लाट घ्यायची, आपल्या रांगेतल्या प्रत्येक आकड्याला लाटेच्या त्या जागच्या आकड्यानं गुणायचं आणि सगळं बेरजेत टाकायचं. ते कंपन रांगेत नसेल तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात, बेरीज शून्य. असेल तर अधिकात अधिक पडत जातं आणि बेरीज फुगते. फुगली की हजर! प्रत्येक हाक दोनदा मारायची, एकदा साइननं आणि एकदा कोसाइननं. कारण लाट कुठून सुरू झाली ते आपल्याला ठाऊक नसतं. एकीला सापडली नाही तर दुसरीला सापडते.

बस. एवढंच आहे. एवढ्यासाठी मला बी.एस्सी.ला रडवलं होतं!

आठ आकडे घेऊन हातानं करून बघितलं. दोनच हजर निघाले, बाकी सगळ्यांपुढं शून्य. इतका आनंद झाला की चहा उतू गेला.

आणि मग, गॅस पुसताना, डोक्यात आलं. मागच्या खोलीची हजेरी घ्यावी.

फोनात हादरे मोजणारं ॲप आहे, सेकंदाला पन्नास मापं घेतं. आत्याबाई आंघोळीला गेल्यावर फोन फरशीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. मग ते आकडे लॅपटॉपवर घेतले.

आलेख सपाट यायला हवा होता. तसाच आला — एक रेघ सोडून. सरळ, उंच, काठीसारखी. आकडा एक.

सेकंदाला एक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा घेतलं. रेघ तिथंच. फोन स्वयंपाकघरात ठेवला तर बारीक होते, अंगणात अगदीच पुसट. मागच्या खोलीत, पाठच्या भिंतीजवळ, सगळ्यांत उंच. दुपारून शेताची लाईट गेल्यावर घेतलं तेव्हा नव्हती. त्याच वेळेला आत्याबाई पदर झटकत उठल्या आणि "निजलं" म्हणाल्या.

त्या पडल्या असताना त्यांचं बोट मी घड्याळावर मोजलं. सेकंदाला एक. जराही मागंपुढं नाही.

मी विचारलं, "आत्याबाई, कसं ऐकू येतं?"

"त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं की यायचं तसं."

मला तिथं थांबवेना. बाहेर येऊन दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, पुन्हा उलगडल्या.

सोमेश्वरला आलेख दाखवला. म्हटलं, अहो, आईंना भास होत नाहीत, खाली खरंच काहीतरी धडधडतंय. तो आलेखाकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघत होता. "आता तू बी सुरू झालीस का?" आवाज चिडका नव्हता. घाबरलेला होता. शुक्रवारचं काही बदलणार नाही म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. मामंजींची नव्हे. मी त्यांना दोन-चारदाच भेटलेली, आम्ही तेव्हा पुण्याला. मला त्या रेघेची भीती वाटते. मी हाक मारली आणि तिनं ओ दिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात हजेरी घेताना पूजा जाधवच्या नंबरला मागून कुणीतरी "हजर" म्हणालं. पूजा दिसेना! वर मान केली तर आमच्या वर्गातलीच नसलेली एक पोरगी, कॉमर्सची, मैत्रिणीची प्रॉक्सी लावायला आलेली. पोरं हसली. मी रागवायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

प्रॉक्सी!

पुस्तकात होतं आणि मी पान उलटून गेले होते. सेकंदाला पन्नास मापं घेतली तर पंचविसापर्यंतच्याच कंपनांना आपल्या हजेरीत जागा असते. त्याहून वेगवान कंपन आलं तर ते गप्प बसत नाही, दुसऱ्याच्या नंबरला ओ देतं. दोन मापांच्या मधे ते इतकं हलून घेतं की आपल्याला संथ दिसतं. मग खरं आणि खोटं ओळखायचं कसं? मापं घेण्याचा वेग बदलायचा. खरं असेल ते जागचं हलत नाही. प्रॉक्सी असेल ते सरकतं.

मुलांना उरलेला तास कसा शिकवला देव जाणे. मिळाली ती गाडी धरून घरी आले. फोनचा वेग साठ केला. फरशीवर ठेवला.

एकावर काही नाही! रेघ अकरावर गेली!

पन्नासच्या वेगानं जे एक दिसतं आणि साठच्या वेगानं अकरा, असा आकडा कोणता? कागदावर मांडलं. पन्नासातून एक गेला, एकोणपन्नास. साठातून अकरा गेले, एकोणपन्नास. सेकंदाला एकोणपन्नास फेरे. एवढं कोण फिरतं? विजेची मोटर! पाणी ओढत असेल तर जरा मंद फिरते, कोरडी असेल तर पन्नासाच्या अगदी काठाला.

सोमेश्वरला फोन लावला, शेतात हळद शिजवायच्या कुकरपाशी होता. ओरडूनच विचारलं, घराच्या मागं कुठली मोटर आहे? कुकरच्या आवाजातून तो म्हणाला, "जुना बोर हाये ना भिंतीमागं. आटलेला. शिळा टाकून ठेवलाय बाबानी."

"आणि त्याच्या मोटरचं ऑटो?"

तो पळतच डीपीकडं, शेतातल्या ट्रान्सफॉर्मरकडं, गेला. मीही बांधावरून धावले. पत्र्याचा डबा, वर वेल चढलेला. आत जुन्या बोरचा स्टार्टर आणि त्याला ऑटो लावलेलं, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. बटण चालूच होतं. मामंजींची सवयच तशी होती म्हणे — "लाईट येईल तवा येईल, आपून जागं काहून ऱ्हायचं?" माणूस गेला आणि ऑटो तसंच राहिलं. रोज लाईट येते, रोज आटलेल्या बोरात मोटर कोरडी फिरते!

सोमेश्वरनं बटण बंद केलं. डब्यात खट् झालं. मी घरी येऊन फोन ठेवला. आलेख सपाट, सगळ्यांपुढं शून्य.

तो उंबऱ्यात बसून रडला. "मी आईला येडी ठरवून राहिलो होतो," म्हणाला. मी जवळ बसले. मलाही रडू आलं, पण माझं जरा जिंकल्याचं होतं.

आत्याबाईंना सगळं समजावून सांगितलं. बोर, ऑटो, मोटर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "व्हय का" एवढंच म्हणाल्या. हसल्यासारखं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नांदेड रद्द! पुरणपोळी केली. आत्याबाईंनी एक घास खाल्ला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्या काही खात नाहीत. भाकरी कुस्करतात आणि ताट सरकवतात. मागच्या खोलीत जातात, कान लावतात, पण बोट हलत नाही. पालथा हात नुसता फरशीवर पडलेला. मग भिंतीकडं तोंड करून निजतात. गोळ्यांशिवाय तेच झालं की!

आज पाणी घेऊन गेले तर माझं मनगट धरलं. "बंद काहून केलं गं?"

"आत्याबाई, मोटर होती ती. कोरडी फिरत होती."

"तुला इचारलं, बंद काहून केलं?"

मी पाणी तिथंच ठेवून बाहेर आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट आज भाजी निवडताना लक्षात आली.

जमिनीत एकोणपन्नास होते. कानाला लागलंच तर घुं असं सलग लागलं असतं. सेकंदाला एक हा ठोका जमिनीत कधीच नव्हता. तो माझ्या फोनच्या वेगातून तयार झाला होता, फक्त त्या आकड्यांच्या रांगेत होता. प्रॉक्सी. खोटा.

मग आत्याबाईंचं बोट कशाच्या तालावर पडत होतं?

आणि माझा फोन खोलीत यायच्या कितीतरी आधीपासून!

सोमेश्वरला सांगितलं नाही. तो सुखानं झोपतो आता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सोमेश्वरनं धर्मसिंगला बोलावलं. वसमतला त्याचं मोटर भरायचं, दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्याकडच्या सगळ्या मोटरा तोच बघतो. जुन्या बोरातली मोटर काढून नव्या विहिरीवर बसवायची असं सोमेश्वरच्या डोक्यात. धर्मसिंग आला, शिळेकडं बघून म्हणाला, "कौनसी मोटर, भैया?"

"यातली. एवढे दिवस चालू होती."

धर्मसिंग हसायला लागला. मग आमची तोंडं बघून थांबला. "इसमें कुछ नहीं है. उत्तमरावनीच काढायला लावली होती, तुम्ही पुण्याला होते तवा. पाईप बी काढला, केबल बी. मीच काढली ना! सुमनबाई इथंच उभ्या होत्या, चाय दिली मला."

सोमेश्वरला पटेना. दोघांनी शिळा सरकवली. दोरीला दगड बांधून आत सोडला. दोरी जात राहिली, कशाला अडली नाही, संपली. स्टार्टरपासून येणारी वायर भिंतीजवळ तोडलेली होती, टोकाला चिकटपट्टी. ती पट्टी आपल्याच हातची म्हणून धर्मसिंगनं ओळखली.

"तो फिर चल क्या रहा था?" तो विचारत होता. सोमेश्वर म्हणाला, "इथली जमीनच तशी हाये." शिळा परत सरकवायला त्यानं जी घाई केली ती मी पाहिली.

म्हणजे आत्याबाईंना ठाऊक होतं. मी त्यांच्यापुढं बसून मोटर, ऑटो, एकोणपन्नास सांगत होते आणि त्यांना ठाऊक होतं की तिथं काहीच नाही. तरी "व्हय का" म्हणाल्या. माझं मन राखायला.

संध्याकाळी त्यांनी पाणीही घेतलं नाही. सोमेश्वरनं नांदेडचा नंबर पुन्हा लावला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कुणाला न सांगता डीपीकडं गेले आणि ऑटोचं बटण चालू केलं. लाईट आल्यावर फोन मागच्या खोलीत ठेवला. रेघ आली, एकावर. खरी की प्रॉक्सी ते बघायला वेग बदलला नाही. आत्याबाईंचं बोट फरशीवर पडायला लागलं, आणि थोड्या वेळानं त्यांनी मला भाकरी मागितली.