बटाट्याचा छेद

आई,

माझा डिप्लोमा खरा कितीला पडला, याचा आज हिशेब लावत बसलोय. फी माफ होती, पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोरांची जुनी. खर्ची पडला तो तुझा घसा. इंग्रजी छापील पान समोर आलं की माझ्या डोळ्यांपुढे ओळी एकमेकींत शिरायच्या; मग तू, मराठी शाळेतली सातवी पास, अक्षराला अक्षर जोडून इंजिनांचं पुस्तक मोठ्यानं वाचायचीस. तवा तापेपर्यंत एक पान, भाकरी भाजताना दुसरं. मी उंबऱ्यावर डोळे मिटून ऐकतोय आणि तू मध्येच थांबून विचारतेस, "शिरलं का रे काही, का मी नुसतीच बोंबलतेय?"

शिरलं. त्याच कानांवर अंबरपेठेत मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळायचं दुकान उभं केलं. गिऱ्हाईक मोटार चालू करतं आणि हातातला चहा खाली न ठेवता मी सांगतो, बेअरिंग गेलंय. चारचौघांत म्हणतोही, "आपण सगळं इंजिनीअरिंग कानानं शिकलो, साहेब."

आता तुझी नात इंजिनीअरिंगला आहे. कोण बघून शिकतं, कोण ऐकून, कोण हातानं करून, असा एक कागद कॉलेजातल्या मॅडमनी भरून घेतला. हिचं आलं, हातानं. मी हसलो. म्हटलं, "कागदाला काय कळतंय? रक्त माझं आहे." ड्रॉइंगमध्ये ती एकदा गेलीय. परवा पुन्हा पेपर आहे, आणि यातही गेली तर वर्ष वाया. मी दिलसुखनगरच्या एका सरांकडून अख्खा विषय बोलून रेकॉर्ड करून आणला आणि महिनाभर तिच्या कानात ओतला. काल तिनं इयरफोन काढून टेबलावर टाकले. "बाबा, ये नक्को अब. वस्तू मधून कापली तर आतून कशी दिसते, ते ऐकून कसं दिसणार? तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं," मी म्हणालो.

तेव्हापासून बूड एका जागी टिकत नाही. दुकानात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एकच मोटार तीनदा ऐकली. सारखी तू दिसतेस, विळीवर बसलेली. ड्रॉइंगचं पुस्तक हातात घेतलंस, पानं उलटलीस आणि म्हणालीस, "यात वाचायला काहीच नाही रे, नुसत्या रेघा." मी रडकुंडीला आलेला. तू बटाटा उभा चिरलास, अर्धा माझ्या हातावर ठेवलास, "हे काढ." मग आडवा. मग तिरका. आठवडाभर घरात बटाट्याचीच भाजी. माझे बाबा ताटावरून ओरडले, "हा इंजिनीअर होतोय का आचारी?"

ती आत बसलीय. कानात पुन्हा ते सर, हातात पट्टी नुसतीच. इथून तिच्या खोलीपर्यंत दहा पावलं आहेत आणि मी तुला पत्र लिहितोय, जे कुठल्या पेटीत टाकायचंही नाही. बटाट्याचं सांगेन गं, त्यात कसली लाज. पण ती लगेच विचारेल, बटाट्यावर वेळ का आली. ड्रॉइंगमध्ये मी दोनदा नापास झालो होतो.