वाळूवरचा पाव

वावर,
१४ ऑगस्ट १९९२

ती. सौ. निशाताईस,
हेमंतचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण एक पोर. शाळेजवळच्या पाड्यावरच्या कोंडीचा जगन. तीन वर्षांचा आहे, पण परवा उचलून पाहिला तर हाताला वजनच लागलं नाही. पाय सुजलेत. आईबाप वीटभट्टीवर होते तेव्हा तिथे चहात बुडवून पाव खायचा. आता नाचणीची आंबील पुढे केली की मान फिरवतो आणि पाव मागतो. कोंडी म्हणते, पाव असता तर खाल्ला असता. ओढ्याने रस्ता नेलाय, मोखाड्याहून जीप येत नाही. डॉक्टरांना निरोप धाडलाय.

तू भट्टीशिवाय घरीच पाव करतेस ना? कसा, ते सविस्तर कळव. जगनची बहीण ठकी माझ्याच दुसरीत आहे. सरपण मी आणीन म्हणते, आणि पत्र आलं का म्हणून रोज विचारते.

तुझा,
हेमंत

जव्हार,
१८ ऑगस्ट

चि. हेमंतास,
अनेक आशीर्वाद.

चहासुद्धा उतू घालवणारा माझा भाऊ पाव करणार! असो, थट्टा पुरे. मैदा, साखर, दुधाची पावडर आणि बेकरीतून मागून आणलेला आंबलेल्या पिठाचा गोळा कंडक्टरबरोबर मोखाड्याला पाठवते. पुढे तुमचा टपालवाला मंगळू आणील. गोळ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावू नकोस.

मैद्यात तो गोळा, मीठ, चमचाभर साखर आणि कोमट पाणी घालून हाताला चिकटेनासं होईपर्यंत मळ. त्यातला लिंबाएवढा गोळा काढून ठेव, पुढच्या पावाला तोच लागतो. बाकीचं ओल्या फडक्याखाली चुलीजवळ ठेव. दुप्पट फुगल्याशिवाय हात लावायचा नाही. मग पातेल्यात चार बोटं वाळू तापव, तिच्यावर तेल लावून पीठ भरलेला डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पाऊण तास मंद जाळ. सुरी कोरडी निघाली की झाला. निवल्यावर दुधात कुस्करून थोडा थोडा दे.

पोराचं कळव. जीव लागून राहिलाय.

तुझी,
ताई

वावर,
२७ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पहिला पाव घाई करून बिघडवला. वरून कोळसा, आत कच्चा. शाळेमागे फेकला, तो कुत्र्याने नेला असावा. बिचाऱ्या कुत्र्याचीच काळजी वाटली. ठकीने सरपण आणलं, जाळ फुंकला, परातीला लागलेलं पीठसुद्धा बोटांनी खरवडून साफ केलं. गुणी पोर आहे. दुसरा पाव मात्र असा फुगला की मी आनंदाने ओरडलोच. निववून, दुधाच्या पावडरीसकट कोंडीच्या हातात दिला.

संध्याकाळी गेलो तर पाव संपलेला. जगनने किती खाल्ला म्हणून विचारलं. कोंडी म्हणाली, त्याच्या ओठाला लावला, बाकीचा ठकीला दिला. माझं डोकं फिरलं. तू आई आहेस की वैरीण, इथवर बोललो, सगळ्या पाड्यासमोर. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली की गुरजी, त्याला आता गिळता येत नाही, हिला येतं.

परवा सकाळी जगन गेला. डॉक्टर काल पोचले. कोंडीच्या दारावरून मला जाववत नाही. आई अशी वागते का गं?

हेमंत

जव्हार,
२ सप्टेंबर

चि. हेमंतास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. मग तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पुन्हा वाचली. जगनचे पाय, जगनचं वजन, सगळं लिहिलंस. ठकीचं काय लिहिलंस? सरपण आणते, जाळ फुंकते, परात खरवडते. ती घरी काय जेवते, हे एकदाही नाही. मीही विचारलं नाही. आणि शाळेमागचा तो कच्चा पाव कुत्र्याने नेला नाही रे.

कोंडीला ठकीची ती भूक दिसत होती. तिला दोन लेकरं होती आणि हातात पाव एक. तू तिला वैरीण म्हणालास.

तिच्या दारावरून जाऊ नकोस, दारात जा. ज्या पाड्यासमोर बोललास, त्याच पाड्यासमोर चुकलं म्हण. बाजूला ठेवलेला गोळा असेलच. मैदा पुन्हा पाठवतेय, तू रोज पाव लाव.

रागावले ते मायेपोटीच. ती कमी व्हायची नाही.

तुझी,
ताई

ता. क. जगनला उचलून पाहिलंस, तसं आज ठकीला उचलून पाहा.