बशीतली काडेपेटी

भोपाळ, ११ फेब्रुवारी १९७४

अहो, सप्रेम नमस्कार.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी चहाच्या बशीत काडेपेटी ठेवली, तेव्हा तुम्ही हसलात. "कॉन्व्हेंटात हेही शिकवतात काय वं?" मला केवढा आनंद झाला होता! मग चौतीस वर्षं मी ती ठेवतच राहिले.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून बेचाळीस दिवस तुम्ही सिगारेटला शिवला नाहीत. आणि मी इकडे निघाले त्या सकाळी, गाडीच्या घाईत, माझ्याच हाताने काडेपेटी पुन्हा बशीत गेली. 'एक ओढली, चूक माझी' असं तुम्ही लिहिलंत. नाही हो, चूक माझी.

आता चहा स्वयंपाकघरात, सूनबाईशी बोलत घ्या. जेवल्यावर लवंग तोंडात टाकून फाटकापर्यंत चाला. शेजारचे नत्थूजी म्हणतील, "एकानं काय होते गा?" खुशाल माझं नाव सांगा.

लेक आणि बाळ सुखरूप आहेत. तुमचा खोकला कसा आहे? खरं लिहा.

तुमचीच,
पुष्पलता

ता. क. व्हरांड्यातली आरामखुर्ची नत्थूजींना द्या, पितळी अ‍ॅशट्रे कामवाल्या बायजाबाईला उदबत्तीसाठी. लायटर कोणालाच नको, आपल्या रवींद्रला तर मुळीच नको. त्याचे शर्ट धुवायला टाकताना मला वास येतो.