पाचवा रुग्ण

मॅडम, गेल्या आठवड्यात विद्यापीठानं माझ्या छापून आलेल्या सगळ्या शोधनिबंधांची यादी मागवली, आणि ती करताना तुमची फार आठवण आली. रक्ताचे कर्करोग, रक्त कमी बनण्याचे आजार, त्यांवरची औषधं, असं बरंच काही इतक्या वर्षांत माझ्या नावावर जमा झालं आहे. तुमच्या नावावर मोजकंच होतं. ते तसं का राहिलं, हे सोलापुरात तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा दोघा-चौघांनाच ठाऊक आहे. तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी नुकतीच डॉक्टर होऊन तुमच्या वॉर्डात आले होते. कुंभारीकडचा एक तरुण दाखल झाला. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, चेहरा पांढराफटक. तुम्ही त्याच्या हाडातला मगज काढून काचेवर पसरलात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवलात. रक्त जिथं तयार व्हायचं तिथं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. मग तुम्ही माझा केसपेपर हातात घेता आणि व्यवसायापुढे मी लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवता. "मजूर म्हणजे काय गं? दिवसभर हातानं काय करतो ते लिहायचं." मी पुन्हा खाटेपाशी जाते. त्याची बायको सांगते, "चपलाच्या कारखान्यात हायत की. तळाला सोल्यूशन लावत्यात. लई वास त्याचा. आंगोळ केली तरी जात न्हाय."

तो वाचला नाही. पुढच्या वर्ष-दीड वर्षात तसेच आणखी दोघं आले, आणि मग चौथा, त्याला तर रक्ताचा कर्करोगच होता. चौघंही बंद खोलीत बसून चपलांना तेच सोल्यूशन लावणारे. त्यातलं बेंझीन हाडातला मगज मारतं, असं तुम्ही परदेशी मासिकांत वाचलं होतं. तुम्ही निबंध लिहिलात, मी टाइप केला, तुमच्या नावाखाली माझं नाव घातलंत. छापील कागदावर माझं नाव येणार, या कल्पनेनंच मी हवेत होते. निबंध पोस्टात पडला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही मला टांग्यात घालून त्या कारखान्यात नेलंत.

कारखाना कसला, पत्र्याची एक खोली. मे महिना, आणि खिडक्या गच्च बंद. माझे डोळे चुरचुरायला लागले. मालक म्हणाला, "खिडकी उगडली की धूळ बसती, मॅडम. मग तळ चिकटत न्हाय. गिऱ्हाईक माल परत आणतंय." तुम्ही वाद घातला नाहीत. "उद्या सगळ्यांना रक्त तपासायला पाठवा, तुम्हीपण या," एवढंच म्हणालात. मालकाच्या धाकट्या भावाचं रक्त उतरणीला लागलेलं निघालं. तुम्ही मालकाला समोर बसवलंत. "हा आज बाहेर बसला तर बहुतेक सुधारेल. आतच बसला तर माझ्याकडे औषध नाही." "बाहेर मांडव घालतो," तो म्हणाला, आणि खरंच घातला. मग तुम्ही त्या गल्लीतल्या एकेका खोलीत रविवार-रविवार फिरलात. निम्मे लोक कंटाळून, निम्मे घाबरून उघड्यावर बसायला लागले. काही महिन्यांनी मालकाच्या भावाचं रक्त पूर्ववत झालं, तेव्हा तुम्ही तो रिपोर्ट दोनदा वाचलात.

त्यानंतर मासिकाचं उत्तर आलं. निरीक्षण लक्षवेधी आहे, पण चार रुग्ण फार थोडे. आणखी जमले की पुन्हा पाठवा. मी रडकुंडीला आले. "आता काय करायचं?" तुम्ही डब्यातली भाकरी मोडत होतात. "काय करायचं म्हणजे? आणखी येऊ नयेत म्हणूनच फिरलो ना आपण?" आणि पाचवा रुग्ण आला नाही. निबंध छापला गेला नाही. पुढे प्राध्यापकाची जागा निघाली, ती बाहेरून आलेल्या एकाला मिळाली; त्यांची यादी लांबलचक होती. मुलाखतीहून परतल्यावर मी विचारलं, तर म्हणालात, "यादी मागितली, दिली. लहान होती." पुढे राउंड नेहमीसारखा घेतलात. त्या दुपारी मात्र तुम्ही डबा उघडला नाहीत.

आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. परवा आमच्या एका निबंधावर तसंच उत्तर आलं: रुग्ण कमी. आजार दुर्मिळ आहे, लहान मुलांच्या रक्ताचा. विद्यार्थिनी खट्टू झाली, तर मी पटकन म्हणाले, "थांबू वर्षभर. येतील की आणखी." हा आजार अजून कुणालाच अडवता येत नाही, मुलं येणारच आहेत, त्यांच्यावर जमेल ते सगळं आम्ही करणार आहोत; बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण म्हणताना माझ्या आवाजात उमेद होती, मॅडम. तिला ती ऐकू आली आणि तिचा चेहरा खुलला. तुम्ही असतात तर हे लिहून तुम्हाला पाठवायचं धाडस मला झालं नसतं.